चौकोनी भोक

गोल भोक कुणालाही पाडता येतं. ड्रिल मशीन, एक बिट आणि बाजूला उभं राहून "अजून दाब, अजून दाब" म्हणणारा एक शेजारी, एवढ्या भांडवलावर पत्र्याला गोल भोक पडतं. चौकोनी भोकाचं तसं नाही. फिरणारी वस्तू गोलच भोक पाडणार, आणि जगातली ड्रिलं फिरतात. यावर उपाय काढणारा एक माणूस अमेरिकेत होऊन गेला. हॅरी वॉट्स त्याचं नाव. १९१४ च्या सुमारास त्यानं चौकोनी भोक पाडणारं ड्रिल बनवलं आणि १९१७ मध्ये त्याची पेटंटं घेतली. फुगीर बाजूंच्या त्रिकोणासारखं ते पातं चौकटीत डगमगत फिरतं आणि चौकोनाचा ९८ टक्क्यांहून अधिक भाग कापून काढतं. कोपरे तेवढे जरा गोल राहतात. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या त्या विद्वानालाही कोपऱ्यांनी हरवलंच. ते ड्रिल मालवणच्या बाजारात मला अजून दिसलेलं नाही. एका दुकानदाराकडे चौकशी केली तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहून नुसता पंखा मोठा केला.

आता पत्र्याला चौकोनी भोक हवं कुणाला, असं देशावरचा वाचक विचारेल. त्याला आमच्या रात्री ठाऊक नाहीत. पावसाळा संपून दिवाळी झाली, की सिंधुदुर्गात माणसं रात्री झोपत नाहीत. आज या गावची जत्रा, उद्या त्या गावची. जत्रा म्हटली की पहाटेपर्यंत दशावतार. जत्रा नसेल तेव्हा डबलबारी. दोन बुवा समोरासमोर, दोन पेट्या, दोन पखवाज, आणि एकमेकांना गाण्यातून विचारलेले सवाल. श्रावणातले सप्ते आणि भाद्रपदातला गणपती वेगळे. हे सगळं चालतं ॲम्प्लिफायरवर. आमच्याकडे देवाला कौल लावतात तो ब्राह्मणाशिवाय लागेल, पण माइकशिवाय बारी लागत नाही. बुवा बसले, टाळ बसले, पंच बसले, की पहिला शब्द "जय जय राम कृष्ण हरी" नसतो. पहिला शब्द "हॅलो" असतो, दुसराही "हॅलो" असतो, आणि तिसरा मागं वळून विचारलेला असतो, "आवाज इलो काय रे?"

मोठ्या मंडळांकडे आहुजाचा ॲम्प्लिफायर असतो. ही दिल्लीची कंपनी १९४० पासूनची, आणि जत्रेतल्या मानकऱ्यांच्या यादीत तिचं नाव घालायला हरकत नाही. पण वाडीवाडीचं जे छोटं भजन मंडळ असतं, त्याचा ॲम्प्लिफायर वाडीतल्याच कुणीतरी घरी जोडलेला असतो. आत बहुधा चव्वेचाळीस-चाळीसचा बोर्ड. एलए ४४४० ही सान्यो कंपनीची आयसी मुळात मोटारीतल्या टेपसाठी काढलेली. दोन बाजूंना सहा-सहा वॉट, किंवा दोन्ही बाजू एकत्र जुंपल्या तर एकोणीस. बारा व्होल्टांवर चालते, त्यामुळे ऐन आरतीत वीज गेली तरी रिक्षाची बॅटरी काढून आरती पुरी करता येते. वाडीच्या भजनाला एवढं पुष्कळ. बोर्ड तयार मिळतो, ट्रान्सफॉर्मर तयार मिळतो, आणि सोल्डरिंग आयटीआय झालेला कुठलाही पोरगा करून देतो. अडतं ते पेटीशी. पेटी म्हणजे डबा. डब्याच्या पाठीमागचा पत्रा कोरा असतो, त्यात सॉकेटं बसवायची असतात, आणि सगळं काम तिथं येऊन बसतं.

रेडिओत काचेच्या नळ्या होत्या त्या काळात हा प्रश्न फारसा नव्हता. नळीचं सॉकेट गोल. त्यासाठी चेसिस पंच नावाचं एक सुबक हत्यार असे: पत्र्याच्या एका अंगाला कटोरी, दुसऱ्या अंगाला पातं, मध्ये बोल्ट. बोल्ट आवळत गेलं की "टक्" असा आवाज येऊन रुपयासारखी गोल चकती खाली पडे. माइकचा पाव इंची जॅकही गोल. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बायका वायरी इकडून तिकडे खुपसत त्या एकोणिसाव्या शतकातला. त्याला साडेनऊ मिलिमीटरचं भोक पाडलं की काम झालं. पूर्वजांनी सुज्ञपणे सगळं गोल ठेवलं होतं.

मग १९५२ मध्ये कॅनन कंपनीनं इंग्रजी डी अक्षराच्या आकाराचा कनेक्टर काढला. उलटा घुसू नये म्हणून डी. हेतू चांगलाच होता. पण भोकाच्या बाजूनं बघा: वरची बाजू लांब, खालची आखूड, दोन्ही कडा दहा अंशांनी आत कललेल्या, चारी कोपरे गोलसर, आणि दोन्ही बाजूंना स्क्रूची भोकं २५ मिलिमीटर अंतरावर. हा आकार कागदावर काढायलाच अर्धा तास जातो. घरी बसून पत्र्यात तो कापणाऱ्या माणसाला सरकारनं पेन्शन द्यावं. आणि त्यातही गंमत अशी, की तो कापून झाल्यावर घरातलं कुणीही बघून एवढंच म्हणतं, "ह्या जरा वाकडा दिसता." वाकडं दिसायलाच हवं! कंपनीनं वाकडं काढलंय!

पुढं सगळीकडे चौकोनांचं राज्य आलं. कॉम्प्युटरच्या मागं असते ती विजेची तीन पिनांची खोबण घ्या. दहा अँपिअर, जगभर तीच, वायर कुठेही मिळते. म्हणून आता ॲम्प्लिफायरलाही तीच बसवतात. तिला साधारण २७ बाय २० मिलिमीटरची खिडकी लागते आणि दोन स्क्रू ४० मिलिमीटर अंतरावर. पुढच्या बाजूला यूएसबी आणि ब्लूटूथची पट्टी, कारण हल्ली बुवांना मोबाइलमधला तंबोरा लावायचा असतो. तिला आडवी लांबट खिडकी. पंख्याला मोठं गोल भोक. आणि माइकसाठी तीन पिनांचं एक्सएलआर, ज्याचं २४ मिलिमीटरचं माप युरोपातल्या चिमुकल्या लिश्टेनस्टाइनमधल्या न्यूट्रिक कंपनीनं जगाच्या गळी उतरवलं. ही कंपनी १९७५ ची. तो देश सिंधुदुर्ग जिल्ह्यात तीसेक वेळा बसेल, पण आमच्या बुवांच्या माइकचं भोक केवढं असावं हे तो ठरवतो.

खरं तर कोकणी माणसाला भोकं नवी नाहीत. शिरवाळ्यांचा साचा घराघरांत असे, त्याच्या बुडाला एकसारखी बारीक भोकं असत. करवंटीच्या डवलीला समोरासमोर दोन भोकं पाडून त्यातून दांडा ओवायचा, तो सरळ रेषेत यायला हवा, नाहीतर आमटी वाढताना पाहुण्याच्या मांडीवर. आजीनं हे काम तापलेल्या सळईनं केलं, मोजपट्टीचा तुकडाही न वापरता. तेलाच्या डब्याचं झाकण उलटं ठेवून खिळ्यानं ठोकून किसणी करणाऱ्या बायकांनी पत्र्याला जेवढी भोकं पाडलीत तेवढी कुठल्या कारखान्यानं पाडली नसतील. फक्त ती सगळी गोल. चौकोनी भोक आमच्याकडे लाकडाला असायचं आणि ते मेस्त्रीचं. फणसाच्या चौकटीत पटाशीनं खोबण काढावी तर सावंतवाडी-मालवणच्या मेस्त्रींनीच. म्हणून मंडळी पत्रा घेऊन आधी मेस्त्रीकडे जातात. मेस्त्री पत्रा हातात घेतो, दोनदा वाजवतो, आणि परत देतो. "ह्येका रेषा नाय," म्हणतो. लाकडाला रेषा असते, त्या रेषेत पटाशी चालते. पत्र्याला कुठलीच दिशा नाही. त्यामुळे त्याच्यापुढे त्याचं ज्ञान संपतं. अर्थात हे कबूल करणारा मेस्त्री अजून माझ्या पाहण्यात नाही. तो म्हणतो, "लाकडाचो डबो कर. आवाज गोड येतलो."

मग काम घरच्या खळ्यात सुरू होतं. आणि खळ्यात सुरू झालेलं कुठलंही काम हे आमच्याकडे सार्वजनिक असतं.

पहिले येतात ते एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले काका. या माणसाचं ज्ञान खरं आहे, म्हणून ते जास्त जाचक. "सेंटर पंच मारलंस?" हा त्यांचा नमस्कार. पंच मारल्याशिवाय ड्रिल टेकवलं की ते पत्र्यावर नाचतं आणि रंगावर अशी काही नक्षी काढतं की मूळ खूण कुठे होती हे पुढं पोलिसांनाही सांगता येत नाही. काकांचं दुसरं म्हणणं, पत्र्याखाली फळी घे. तेही बरोबर. पत्रा अधांतरी असेल तर ड्रिल पलीकडे निघताना कडा ओढते आणि हातातला पत्रा गरकन फिरतो. त्याची धार तेव्हा बोट आणि भोपळा यांत भेद करत नाही. म्हणून पत्रा हातात धरायचा नसतो, शिकंज्यात आवळायचा असतो. काका हे सगळं सांगतात, पटतं, आणि मग ते जागचे न हलता पत्रा आपल्याच हातात धरून म्हणतात, "हां, मार ड्रिल."

दुसरा येतो तो ट्रॉलरवरचा तांडेल. त्याच्या होडीच्या केबिनमध्ये मासे शोधायचं यंत्र, जीपीएस आणि वायरलेस असं सगळं एका पॅनलवर बसवलेलं असतं, आणि ती भोकं बंदरावरच कापलेली असतात. कशानं? ग्राइंडरनं. ग्राइंडर हे मालवण बंदरातलं सार्वभौम हत्यार आहे. लोखंड कापायला ग्राइंडर, गंज काढायला ग्राइंडर, बर्फाच्या पेटीची कडी अडकली तरी ग्राइंडर. त्या पॅनलजवळ जाऊन बघा. प्रत्येक चौकोनाच्या चारी कोपऱ्यांवर रेघा एकमेकींना ओलांडून बाहेर गेलेल्या दिसतील. चार कोपऱ्यांवर चार अधिकची चिन्हं. यात कारागिराचा दोष नाही, भूमितीचा आहे. ग्राइंडरची चकती चार इंची, म्हणजे १०० मिलिमीटर व्यासाची. ती सव्वा मिलिमीटर जाडीच्या पत्र्यात नुसती आरपार उतरेपर्यंतच वरच्या अंगाला जवळजवळ २२ मिलिमीटर लांब चीर पडते. आणि आपल्याला बाजू हवी २० ची. मशीन जराही पुढेमागे न हलवता दोन मिलिमीटर जास्त! पायथागोरसनं हे आधीच सिद्ध करून ठेवलंय, तांडेलाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "तेका सांग, बोटीर ये."

तिसरा मुंबईहून आलेला पुतण्या. त्याचं म्हणणं, लेझरनं कापून घ्या. कल्पना उत्तम. कुडाळला औद्योगिक वसाहत आहे, कोल्हापूर घाट चढला की आहेच, गोवा तर हाकेवर. लेझरवाला पहिला प्रश्न विचारतो, "ड्रॉइंग फाइल आहे?" आपण वहीचा कागद पुढं करतो. तो दुसरा प्रश्न विचारतो, "किती नग?" एक. यावर जी शांतता पसरते ती मी बँकेत कर्ज मागतानाही अनुभवलेली नाही. मग तो समजुतीच्या सुरात सांगतो, "शंभर काढा, नगाला स्वस्त पडेल." वाडीत घरं अठ्ठावीस. शंभर पॅनलं काढली तर प्रत्येक घराला तीन येतील आणि उरलेली देवळाला.

या गर्दीत काम करणाऱ्या माणसाकडे मात्र कुणाचं लक्ष नसतं. आणि खरं बघण्यासारखा तोच असतो.

तो आधी कागदाच्या मागं लागतो. सॉकेटच्या मापांचं चित्र एकास एक छापून पत्र्यावर चिकटवलं की आखणी चुकत नाही, हे त्यानं कुठंतरी पाहिलेलं असतं. म्हणून तो बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानात जातो. तिथला मुलगा चांगला असतो, हुशार असतो, आणि त्याच्या प्रिंटरला कागदाच्या कडेला मोकळी जागा सोडायची वाईट खोड असते. त्यामुळे चित्र आपोआप थोडं आखडतं. तीन टक्के आखडलं तरी ४० मिलिमीटर अंतरावरचे स्क्रू मिलिमीटरहून जास्त जवळ येतात. सात-बारा थोडा आखडला तर कोर्टात जन्म जातो, पण निदान तो जागेवर बसतो तरी. सॉकेट बसतच नाही. म्हणून जाणते लोक कागदावर दहा सेंटीमीटरची एक रेघही छापून घेतात आणि दुकानातच पट्टी लावून बघतात. पट्टी लावणाऱ्या गिऱ्हाइकाकडे दुकानदार संशयानं बघतो. बघू दे.

मग भोकं. लहान भोकं सोपी. मोठं भोक साध्या ड्रिलनं पातळ पत्र्यात पाडलं की ते तिकोनी होतं, आणि बघणाऱ्याला वाटतं मशीन खराब. मशीन चांगलं असतं. ड्रिलचं टोक पत्र्यातून पार निघून जातं तेव्हा बाहेरच्या धारा कापायला लागलेल्याच नसतात, त्यामुळे ड्रिलला धरून ठेवणारं काही उरत नाही, आणि ते पत्र्यात स्वतःपुरता गरबा खेळतं. त्यासाठी पायऱ्यापायऱ्यांचा शंकू असतो, स्टेप ड्रिल. एकेक पायरी उतरत भोक मोठं होतं आणि गोल राहतं. ॲल्युमिनियमला थेंबभर रॉकेल आणि लोखंडाला तेल. रॉकेल हल्ली मिळत नाही म्हणून आमच्याकडे खोबरेल वापरतात आणि तेही चालतं. फक्त वास असा सुटतो की शेजारीण कुंपणापलीकडून विचारते, "आज केसांक तेल कोण लावता गो?"

चौकोनासाठी आखलेल्या रेघेच्या आतल्या बाजूनं बारीक भोकांची माळ काढायची, छिन्नीनं मधल्या भिंती तोडायच्या, की मधला तुकडा निघून येतो आणि मागं उरते ती मगरीच्या जबड्यासारखी कड. करवतीनंही कापता येतं, पण करवतीचे निदान दोन-तीन दात तरी एका वेळी पत्र्यावर टेकायला हवेत, असा जुना नियम आहे. सर्वांत बारीक पात्याला इंचात ३२ दात; म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या पत्र्यावर दीडच दात येतो. दीड दातानं ऊस खाऊन बघा. म्हणून पातं तिरकं धरायचं. अशा वेळी अंगणात अशी कुंईकुंई सुरू होते की कुत्री उठून दुसऱ्या वाडीत जातात, आणि कोंबड्या मात्र जवळ येतात, कारण ॲल्युमिनियमचा गुंडाळलेला चकचकीत कीस त्यांना किडा वाटतो. कीस आधी झाडून घ्यावा. कोंबडीसाठी म्हणत नाही, आपल्या घरातली माणसं खळ्यात अनवाणी फिरतात म्हणून.

आणि मग कानस. मला विचाराल तर हा सगळा उद्योग कानशीचाच आहे. आधीचं सगळं म्हणजे लग्नातली पत्रिका वाटणी. चपटी, चौकोनी, त्रिकोणी, अर्धगोल, आणि उंदराच्या शेपटीएवढी गोल. दातांच्या जाडीप्रमाणे त्यांचे दर्जे असतात. त्यातल्या मधल्या दर्जाचं नाव आयटीआयत सर्रास घेतात, पण ते मी इथं छापू शकत नाही. कानस पुढं जातानाच कापते. मागं येताना उचलायची असते. हे सांगितलेलं सगळ्यांना कळतं, आणि हातात आली की सगळे भांडी घासल्यासारखी मागंपुढं घासतात. ॲल्युमिनियम तिच्या दातांत अडकून बसतं आणि मग कापण्याऐवजी ओरखडे काढतं. त्यावर उपाय शाळेतला खडू. आधी कानशीवर खडू चोळायचा. एवढ्या एका गोष्टीसाठी तरी जिल्हा परिषदेच्या शाळा टिकल्या पाहिजेत असं माझं मत आहे.

कानस मारायची वेळ मात्र चुकते. माणूस सकाळी आखतो, भोकं पाडतो, जेवतो, आणि दुपारी दोनला कानस हातात घेतो. मालवणात दुपारी दोन ते चार या वेळात बाजार बंद असतो, बांगड्याचं तिखलं पोटात असतं आणि सगळा किनारा आडवा झालेला असतो. त्या शांततेत पत्र्यावर कानशीचा पहिला घाव पडतो. तो आवाज कानातून आत येत नाही, दातातून येतो. तीन घरं पलीकडून एक म्हातारं माणूस उशीवरूनच विचारतं, "कोण मेल्याचो झिल तो?" कुणीही उत्तर देत नाही. कानस क्षणभर थांबते. मग आणखी हळू सुरू होते, आणि हळू मारलेली कानस जास्त वाजते.

तासाभरानं तो सॉकेट लावून बघतो. बसत नाही. आणखी चार घाव. बसत नाही. आणखी चार. आता एक कोपरा अडतो. कोपऱ्यासाठी चौकोनी कानस, तिच्या एका बाजूला दात नसतील तर उत्तम, म्हणजे शेजारची सरळ झालेली बाजू पुन्हा खाल्ली जात नाही. इथं माणसाचा स्वभाव दिसतो. उतावळा माणूस पुढचे दहा घाव एकदम मारतो, आणि सॉकेट बसतं ते थेट पलीकडे जाऊन डब्यात पडतं. संयमी माणूस एकेक घाव मारून सॉकेट लावत राहतो. आमच्या किनाऱ्यावर उतावळे लोक कमी; गळ टाकून तासन्‌तास खडकावर बसणाऱ्यांना कानस मानवते. शिवाय हातात काम असलं की कुणी दुसरं काम सांगत नाही, हा फायदा आहेच.

आणि एवढं करून ती कड कुणालाच दिसत नाही. सॉकेटाला कॉलर असते. कॉलर म्हणजे सॉकेटाच्या कडेनं बाहेर आलेली पट्टी. ती भोकावर टेकली की खालची सगळी ओबडधोबड कड झाकली जाते. विजेच्या खोबणीची कॉलर ऐसपैस आणि दयाळू. तिच्याखाली दोन-दोन मिलिमीटरची पापं सहज खपतात. उलट माइकच्या सॉकेटची कॉलर २६ मिलिमीटर रुंद आणि भोक २४ चं. म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक मिलिमीटर. एवढ्या तुटपुंज्या लाजेवर पुढचं सगळं आयुष्य काढायचं. आणि हे सॉकेट पत्र्याच्या आतून बसवायची हौस कुणाला आली, तर कॉलर आत आणि कड उघडी! असलं धाडस करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. त्यांच्याकडे जेवायला जायला मात्र भीती वाटते, कारण ते आपल्या भाकरीची कडही बघत असणार.

कड गुळगुळीत करण्याचं खरं कारण दिसणं नाहीच. कापलेल्या पत्र्याची धार ब्लेडसारखी असते आणि तिच्यातून वायर जात असेल तर गाडीच्या हादऱ्यांनी तिचं वेष्टण कापलं जातं. म्हणून वायरीच्या भोकाला रबरी ग्रोमेट. आणि हिरवी अर्थची वायर डब्याच्या पत्र्यालाच स्क्रूनं आवळायची, तीही स्क्रूखालचा रंग खरवडून. रंगावर आवळलेली अर्थ ही नुसती शोभा. हे मी गमतीत सांगत नाही. भजन अंगणात असतं, पाय ओले असतात, माइक तोंडाशी असतो. घरच्या अर्थिंगचा खड्डाही बघावा. जांभ्या दगडातला कोळसा-मिठाचा खड्डा मे महिन्यात ठणठणीत कोरडा पडतो, तेव्हा त्यात चार कळश्या पाणी ओतणं हे तुळशीला पाणी घालण्याइतकंच नित्याचं असायला हवं.

राहता राहिला खारा वारा. पत्र्यावर कारखान्यात दिलेला रंग असतो, पण आपण कापलेली कड उघडी लोखंडाची. कोल्हापुरात ती वर्षभर तशीच राहील. मालवणात रविवारी कापलेली कड बुधवारी तांबूस होते आणि पावसाळ्यात तिथून रंगाखालीच गंज सरपटत जातो. जस्ताचा पत्रा घेतला म्हणून सुटका नाही; जस्त वरखाली असतं, कापलेल्या कडेला नसतं. ॲल्युमिनियम घेतलं तर त्यात स्टीलचे स्क्रू नकोत, कारण खाऱ्या दमट हवेत दोन वेगळे धातू शेजारी आले की ॲल्युमिनियम गळायला लागतं आणि स्क्रूभोवती पांढरी पूड जमते. स्टेनलेसच घ्यायचं तर ३०४ पेक्षा ३१६ बरं, त्यात मॉलिब्डेनम असतं. पण ते कानशीनं कापायला बसणाऱ्याला आधी देवळात नारळ ठेवायला सांगावं. साध्या माणसाचा उपाय वेगळाच असतो. कड घासून झाली की तो घरात जातो, कपाटातून एक बाटली आणतो आणि त्या इवल्याशा ब्रशनं कडेवर दोन हात मारतो. संध्याकाळी आतून आवाज येतो, "माझी नेलपॉलिश खंय गेली?" ती भजन मंडळाच्या ॲम्प्लिफायरवर गेलेली असते. नेलपॉलिश हे कडेसाठी खरंच चांगलं काम करतं; लवकर सुकतं, ब्रश बारीक, रंगात निवड भरपूर. आमच्या भागात गुलाबी कडांचे ॲम्प्लिफायर दिसतील तर चकित होऊ नये.

या सगळ्याला चार-पाच दिवस जातात. तेवढ्या वेळात आणि कमी पैशांत मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्गावर, सगळी भोकं पाडलेला तयार डबा मिळतो, हे वाडीत सर्वांना ठाऊक आहे. तो आणलाही जातो. पण त्याची भोकं आपल्याकडच्या सॉकेटांशी कधी जुळत नाहीत. सॉकेट एका दुकानातलं, डबा दुसऱ्यातला, आणि दोघांची तोंडं दोन दिशांना. तेव्हा शेवटी तयार डब्यालाही कानस लागतेच. आणि शिवाय, मागच्या बाजूला सरळ बसलेलं सॉकेट बारीच्या रात्री दुसऱ्या मंडळाच्या पोरांना दाखवता येतं. ते वाकून बघतात, बोट फिरवतात, काही बोलत नाहीत. समोरच्या बुवांच्या गाण्याला जशी दाद द्यायची नसते, तशी पॅनललाही देत नाहीत. पण परत जाताना एकजण मागं रेंगाळून हळूच विचारतो, "कानस खयसून आणलंस?"

म्हणून गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांना एक विनंती आहे. पेढे, फरसाण आणि एलईडीच्या माळा यंदा राहू द्या. लॅमिंग्टन रोडला जाऊन बारीक कानशींचा एक संच, ३२ दातांची दोन-चार पाती आणि बरा दिसेल तो स्टेप ड्रिल घेऊन या. कणकवलीला किंवा कुडाळला उतरेपर्यंत कानशी एकमेकींवर आपटू नयेत म्हणून त्या वर्तमानपत्रात वेगवेगळ्या गुंडाळा, आणि सॉकेट आणलंत तर त्याच्याबरोबर जो मापांचा कागद येतो तो गाडीत वड्याखाली घालू नका.